मासा डोंगरावर राहत नाही

१

गुरुवारी दुपारी तीन वाजता मी वाचनालयाच्या सभागृहात शिरले, तेव्हा अकरा नंबरच्या खिळ्यावर काहीच नव्हतं. खाली चिकटवलेली पट्टी तेवढी शिल्लक होती : 'गोष्ट सांगणारी मुलगी. जलरंग. दिशा पगारे.'

२००१ सालचा फेब्रुवारी होता तो. मी नाशिकरोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. दिवाळीनंतर कुंदन साळवेचं बालनाट्य पाहिलं आणि मला राहवलं नाही. कुंदन अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी पोरं गोळा करून नाटकं बसवायचा. 'मासा निघाला डोंगराला' हे त्याचं नाटक त्या वर्षी जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून चाललं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांची मुलं असतात. त्यांतली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी पालथ्या घमेल्यावर बसून बाकीच्यांना गोष्ट सांगते. डबकं आटायला लागतं, म्हणून एक मासा पाणी आणायला डोंगराकडे चालत निघतो. वाटेत त्याला सरडा भेटतो, बैल भेटतो, वावटळ भेटते. शेवटी तो डोंगरावर पोचतो आणि तिथल्या झऱ्यात कायमचा राहतो. पडदा.

त्या नाटकावरून मी वीस चित्रं काढली आणि वाचनालयात त्यांचं प्रदर्शन लावलं. अकरावं सगळ्यांत चांगलं उतरलं. घमेल्यावर बसलेली मुलगी, तिच्या मांडीवर सगळ्यांत धाकटी पोर, आणि गोष्ट सांगता सांगता मोठीने धाकटीच्या कानाची पाळी चिमटीत धरलेली. तसं ती नाटकातही करते. सगळं चित्र मातकट आणि राखाडी होतं, लाल रंग फक्त त्या एका कानाला. कुंदन नाटकाचं पुस्तक छापणार होता आणि मुखपृष्ठावर हेच चित्र जाणार होतं. दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती. जलरंगाची दुसरी प्रत नसतेच, दुसरं चित्र असतं.

"खंडेराव, अकरा नंबर कुठं काढून ठेवलंत?" मी विचारलं.

खंडेराव म्हणजे वाचनालयाचे शिपाई. बावीस वर्षं तिथे, अजूनही रोजंदारीवर. त्यांनी रिकामा खिळा पाहिला आणि हातातला झाडू खाली ठेवला.

"मी? ताई, साडेबाराला काचांवर फडकं मारलं, तवा जागेवर होतं. एक ते दोन जेवणाची सुट्टी. एकाला मी हॉल झाकला, कुलूप लावलं, किल्ली हीऽ कमरेला. दोनला उघडलं, तर शाळेची साठ पोरं रांगेनं आत. ती जाईस्तोर मी दारात उभा होतो. कुणाच्या हातात चित्र नव्हतं."

वाचनालयाचे अध्यक्ष कोठावदे सर तोवर आले होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि बोट दाखवलं ते सरळ किल्लीकडे.

"एक ते दोन कुलूप होतं. किल्ली एकाच माणसाकडे होती. मग यात शोधायचं काय आहे?"

खंडेराव झाडू उचलायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

२

"आहे ना शोधायला," मागून आवाज आला. "त्या घमेल्यातली फुलं बाहेर कोणी काढली, हे शोधायचं आहे."

बोलणाऱ्या होत्या वत्सलाबाई. वाचनालयाच्या समितीवर त्या एकट्याच बाई. नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये तीस वर्षं कागद तपासायचं काम करून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. छापलेले ताव एकामागून एक डोळ्यांखालून जायचे आणि त्यात एखादा डाग, एखादी रेघ, एखादी चुकलेली कड पकडायची. नजर तशीच घडलेली. बाई कमी बोलायच्या आणि रहस्यकथांची पुस्तकं चार-चार न्यायच्या.

सभागृहाच्या कोपऱ्यात आम्ही नाटकातलं नेपथ्य मांडलं होतं. गोणपाटाचे दगड, त्यांचा छातीएवढा ढीग, आणि पुढे खरं लोखंडी घमेलं. खंडेरावांनी रोज सकाळी त्यात झेंडूची फुलं भरून ठेवायचा नेम केला होता. आता घमेलं ढिगाच्या मागे पालथं होतं आणि फुलं बाजूला, एकही न चुरगाळता, ओळीने ठेवलेली होती.

बाई ढिगाच्या मागे गेल्या. "दिशा, इकडे ये."

तिथे माझी फ्रेम होती. काच भिंतीला टेकवून ठेवलेली, मागचा पुठ्ठा काढलेला, आणि पुठ्ठ्याच्या बारा चुका, म्हणजे बारीक खिळे, एका ओळीत. चित्र नव्हतं.

बाईंनी पुठ्ठ्याची कड उजेडात धरली. "चुका उपसल्यात त्या पकडीने नाही. बारीक टोकाची कात्री घालून उचकल्यात. बघ, प्रत्येक भोकापाशी दोन-दोन ओरखडे. आणि हे काय?"

घमेल्याच्या कडेखाली तळहाताएवढा पातळ पांढरा कागद अडकला होता. बाईंनी तो दोन बोटांत चोळला, मग नाकाशी नेला आणि माझ्याकडे दिला. मला काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा वास आला. कागदाच्या कोपऱ्यावर हिरव्या शाईत अर्धा घड छापलेला होता आणि खाली दोन अक्षरं : 'वार'.

"सर," बाई कोठावद्यांना म्हणाल्या, "घाईत असलेला चोर चुका ओळीत लावत नाही. फुलं जपत नाही. रविवारी चारला समितीची बैठक आहे. तोवर पोलिसात जाऊ नका."

"आणि रविवारपर्यंत चित्र मिळालं नाही तर?"

"तर मीच तुमच्याबरोबर चौकीत येईन."

कोठावदे सरांनी मान हलवली, पण जाताना खंडेरावांसमोर हात पसरला. खंडेरावांनी कमरेची किल्ली सोडून त्या हातावर ठेवली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

३

शुक्रवारी सकाळी बाईंनी अभिप्रायाची वही मागवली. मोठ्यांसाठी एक जाड वही उंच टेबलावर होती आणि मुलांसाठी वेगळी, खाली स्टुलावर, स्केचपेनांसकट.

"मोठ्या वहीतलं एक पान फाडलेलं आहे," बाई म्हणाल्या.

मी पाहिलं. शिवणीपाशी अगदी सफाईने फाडलं होतं, मला कळलंही नसतं. शेवटचा शाबूत अभिप्राय गुरुवारी सकाळचा होता. त्यापुढचं पान गेलं होतं आणि त्याच्यापुढचं कोरं.

बाई ते कोरं पान घेऊन खिडकीपाशी गेल्या आणि ऊन आडवं पडेल अशी वही धरली. "फाडलेल्या पानावर लिहिणाऱ्याने पेन इतकं दाबलंय की खालच्या पानावर वळ उठलेत. वाच."

मी डोळे बारीक केले. मोठी, वेगळी वेगळी अक्षरं होती. ओळीवर शिरोरेघा नंतर मारलेल्या. मी एकेक शब्द जुळवत वाचलं :

*मासा डोंगरावर राहत नाही. तो परत येतो. हे चूक दाखवलं आहे.*

खाली सहीसारखं काहीतरी होतं, पण ते उमटलं नव्हतं.

"लहान मुलाचं अक्षर आहे," मी म्हणाले.

"मुलाचं असतं तर स्केचपेनने खालच्या वहीत असतं. या टेबलाला मुलाचा हात पुरत नाही. हे मोठ्या माणसाचं आहे, जे मोठेपणी लिहायला शिकलं. साक्षरतेच्या वर्गात अशीच अक्षरं गिरवून घेतात." बाईंनी वही मिटली. "आता मला सांग, गोष्ट कुंदनने रचलेली ना? मग ती चूक आहे असं कोणी कसं म्हणेल? 'आवडली नाही' म्हणेल. 'चूक' फक्त तोच म्हणेल, ज्याला ती आधीपासून माहीत आहे."

माझ्या मनात दुसरंच घोळत होतं, ते मी बोलून टाकलं. पंधरा दिवसांपूर्वी कुंदनने ते अकरावं चित्र माझ्याकडे मागितलं होतं. मुंबईच्या एका स्पर्धेला संहितेबरोबर पाठवायचं होतं त्याला. मी नाही म्हटलं आणि आमची चांगलीच वाजली होती. गुरुवारी संध्याकाळी, पाचच्या सुमारास, चित्र गेल्याचं कळल्यावर तोही आला होता. आणि मी त्याला त्या टेबलापाशी उभं राहिलेलं पाहिलं होतं.

"पान त्यानेच फाडलं असणार," मी म्हणाले. "चित्रही त्यानेच नेलं असेल."

"पान आणि चित्र एकाच माणसाने नेलं असं कशावरून?" बाई म्हणाल्या. "बोलाव त्याला."

४

कुंदन संध्याकाळी पहिली पाळी संपवून आला, हातांना अजून ऑइलचा वास. बाईंनी काही न बोलता वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. तो वहीकडे बघत राहिला आणि त्याचे कान लाल झाले.

"फाडलं मी," तो म्हणाला. "पण चित्राला हात लावला नाही. दिशा, शपथ."

"का फाडलंस?" बाईंनी विचारलं.

"स्पर्धेसाठी लिहून द्यायचं होतं की संहिता माझी स्वतःची आहे. मी सही केली. आणि इथे कोणीतरी लिहून गेलं की गोष्ट चुकलीय. म्हणजे ती कोणाला तरी आधीच ठाऊक आहे. उद्या परीक्षकांपैकी कोणी वाचलं असतं तर? पान घेतलं आणि अंबडला भट्टीत टाकलं. खाली नाव होतं, ते वाचायचाही धीर झाला नाही मला."

"मग गोष्ट कोणाची?"

कुंदनने मान खाली घातली. "विमलाबाईंची. सातपूरच्या आमच्या वसाहतीत बालवाडी होती. मी चार-पाच वर्षांचा असेन. विमलाबाई तिथे मदतनीस होत्या, तेव्हा एकवीस-बावीस वर्षांच्या. दुपारी आम्हाला झोपवताना ही गोष्ट सांगायच्या. माझा कान धरून. मी नाटकात संवाद घातले, गाणी घातली. पण सरडा, बैल, वावटळ, खडीचा ढीग, पालथं घमेलं, हे सगळं त्यांचंच."

"शेवट?"

"शेवटही. मासा डोंगरावर राहिला. 'मग पुढे?' विचारलं की त्या उठून भांडी घासायला जायच्या. मला ते इतकं लागलं होतं लहानपणी..." तो थांबला. "मी त्यांना नाटक बघायलाही बोलावलं नाही. बोलावलं असतं तर सांगावं लागलं असतं."

"आता कुठे असतात?"

"तिथेच. अजून बालवाडीतच. एकट्या राहतात."

बाईंनी पिशवीतून तो पातळ कागदाचा तुकडा काढला. "रविवारी सकाळी तू मला त्यांच्याकडे ने. उद्या मात्र दिशाला आणि मला दुसरीकडे जायचं आहे."

"कुठे?" मी विचारलं.

"सकाळी मी स्टेशनसमोरच्या फळवाल्याला हा तुकडा दाखवला. त्याने बघताक्षणी सांगितलं. 'शिवार' छापाच्या द्राक्षांच्या पेटीतला कागद. पेटीत बुरशी लागू नये म्हणून गंधकाचा पापुद्रा ठेवतात, त्याचा तो वास. आणि घडातले खराब मणी काढायला बायकांकडे बारीक टोकाची कात्री असते, ती कमरेला खोचलेली. 'शिवार'चं पॅकहाउस एकच आहे. पिंपळगाव बसवंतला."

५

हंगाम ऐन भरात होता. पॅकहाउसच्या बाहेर टेम्पोंची रांग आणि आत लांबच लांब पत्र्याच्या शेडमध्ये शे-सव्वाशे बायका, डोक्याला रुमाल बांधून, घड हातात फिरवत मणी कातरत होत्या. शेडभर तो काडेपेटीचा वास होता.

"सुपरवायझरला विचारू या?" मी म्हणाले.

"काय विचारशील? चोरी करणारी बाई कोणती म्हणून? सापडायच्या आधी तिचं काम जाईल." बाईंनी पिशवीतून डबा काढला. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायचं."

सुट्टी झाली तशा बायका शेडच्या सावलीत घोळक्या-घोळक्याने बसल्या. कोणी भाकरी सोडत होत्या ती त्याच पातळ कागदातून. लहान पोरं त्यांच्या मध्ये बागडत होती. वत्सलाबाई सरळ त्यांच्यात जाऊन मांडी घालून बसल्या, जणू रोजच्याच. दोन-तीन पोरांना जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "गोष्ट ऐकणार का रे? एक मासा होता. त्याचं डबकं आटायला लागलं."

बाईंना गोष्ट सांगता येते हे मला ठाऊक नव्हतं. सरड्याचा आवाज काढला तेव्हा पोरं खिदळली. मागच्या बायकांनीही मान वळवली. मी गोष्टीकडे लक्ष न देता चेहरे बघत होते. शंभर चेहरे. कोणता?

"...आणि मासा पोचला डोंगरावर. तिथे गार गार झरा. मासा म्हणाला, आता मी इथेच राहणार. आणि तो तिथेच राहिला. संपली गोष्ट."

"नाय," एक आवाज आला.

खांबाला टेकून बसलेली एक बाई. पस्तिशीची, सावळी, हातात अर्धी भाकरी. आपण बोललो हे तिचं तिलाच आता कळलं होतं.

"मग काय होतं?" वत्सलाबाईंनी हळूच विचारलं.

"तो परत येतो," ती म्हणाली. "पाण्यासंगं खाली येतो. डबक्यात त्याची धाकटी बहीण हाय. तिला टाकून कसा राहील तो?"

मग तिची नजर माझ्यावर पडली. प्रदर्शनात माझा फोटो लावलेला होता. तिच्या हातातली भाकरी खाली पडली.

६

तिचं नाव सुलाबाई. शेडमागच्या टाकीपाशी आम्ही तिघी उभ्या राहिलो.

"मी चोर नाय हो ताई. चित्र घरी हाय. दोन पुठ्ठ्यांत घालून गादीखाली सरळ ठेवलंय. सुरकुती पडू दिली नाय."

"मी सांगते काय झालं, चुकलं तर थांबवा," वत्सलाबाई म्हणाल्या. "तुम्ही चोरी करायला आला नव्हतात. खडीच्या ढिगामागे घमेलं ठेवून बसलात. फुलं बाजूला काढून ठेवलीत. बसल्यावर ढिगाच्या वर डोकंसुद्धा दिसत नाही. खंडेरावांनी हॉल रिकामा समजून कुलूप लावलं. एक तास तुम्ही आत होता. दोनला शाळेची पोरं आली, त्यांच्या गर्दीत बाहेर पडलात. चित्र गुंडाळून पदराखाली. म्हणून ते कोणाच्या हातात दिसलं नाही."

सुलाबाईने डोळे पुसले. "कुलूप लागल्याचा आवाज आला, तरी हाक मारावी वाटली नाय. तासभर आम्ही दोघीच. जवळून बघावं म्हणून उतरवलं. काच लकाकत व्हती, तोंड दिसंना. म्हणून काच काढली. मग हात सुटंना."

"ती मुलगी कोण आहे?" मी विचारलं.

"माझी बहीण. ठमा." ती चित्रातल्या पोरीबद्दल नाही, आत्ता भेटून आलेल्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलली. "त्र्याहत्तर सालचा दुष्काळ. सिन्नरच्या अंगाला रस्त्याचं काम व्हतं. आई खडी फोडायची. मी सहाची, ठमी अकराची. कामावरच आई तापानं गेली. निफाडकडची नवसामावशी आली, तिच्याच्यानं एकच पोर सांभाळणं व्हणार व्हतं. ती मला घेऊन गेली. ठमीला म्हणाली, महिन्यानं येते. महिन्यानं गेलो तर काम पुढं सरकलेलं. तिथं कुणी नाय. कुणी म्हणालं पोरीला नाशिकला नेलं, कुणी काय म्हणालं."

शेडमधून भोंगा झाला. बायका उठायला लागल्या. सुलाबाई हलली नाही.

"मला तिचं तोंडसुद्धा नीट आठवत नव्हतं. गोष्ट तेवढी आठवत व्हती, आणि कान. मी झोपले का नाय ते तिला कानावरनं कळायचं. गेल्या महिन्यात माझी तेजल शाळेत नाटक बघून आली आणि तीच गोष्ट सांगायला लागली. मी म्हटलं, ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठावी हाय. मग चुकीची का होईना, ही आली कुठनं?"

"मग नाटक लिहिणाऱ्यालाच का नाही विचारलंत?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"भ्यायले." ती सरळ वत्सलाबाईंकडे बघत म्हणाली. "विचारलं आणि म्हणाले ती मेली, तर? वहीत लिहायचा धीर झाला. विचारायचा नाय झाला."

परतीच्या वाटेवर मी बाईंना म्हणाले, "विमलाबाईच असणार ना त्या? पण नाव वेगळं आहे. तिने ठमा सांगितलं."

"नाव वेगळं आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तिला काही सांगितलं नाही. रविवारी चित्र घेऊन या, खंडेरावांवरचा आळ काढायचा आहे, एवढंच म्हटलं. ही गोष्ट ठमाने विमलाबाईंना सांगितलेली असू शकते. मरण्याआधी."

७

रविवारी सकाळी सातपूरला विमलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. चाळिशीच्या, केस बरेच पिकलेले. कुंदनला बघून हसल्या. कुंदन मात्र त्यांच्या पुढ्यात बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं : नाटक, स्पर्धा, सही, फाडलेलं पान. विमलाबाई ऐकत राहिल्या.

"अरे, गोष्टच ती," त्या म्हणाल्या. "सांगायलाच असते. त्यात एवढं काय लपवायचं?"

"एक विचारू?" वत्सलाबाई पुढे सरकल्या. "तुमचं जन्मापासून नाव विमलच?"

तांदळातला हात थांबला.

"नाही. बालगृहात मी गेले तेव्हा तिथे आधीच एक ठमा होती. घोळ नको म्हणून मला विमल केलं. का हो?"

माझ्या शेजारी कुंदनने श्वास आत ओढला तो मला ऐकू आला. वत्सलाबाईंचा चेहरा मात्र तसाच शांत.

"आणि गोष्टीतला मासा परत का येत नाही?"

विमलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आधी नव्हताच येत. तो डोंगरावर राहिला म्हटलं की माझी धाकटी बहीण भोकाड पसरायची. मग मी त्याला परत आणायला लागले. तिच्यासाठी. पुढे ती गेली मावशीबरोबर, निफाडकडे कुठेतरी. गावाचं नाव मला कोणी सांगितलं नव्हतं. अठरा पूर्ण झाल्यावर मी तिकडचे बाजार फिरले, प्रत्येक बाजारात नवसाबाई विचारली. तीन वर्षं. मग सोडलं. पोरांना गोष्ट सांगायचे, पण तो परत येतो असं म्हणायला जीभ रेटायची नाही."

वत्सलाबाई उठल्या आणि त्यांनी विमलाबाईंचा हात धरला. "चला माझ्याबरोबर नाशिकरोडला. वाटेत सांगते."

चार वाजता सभागृहात कोठावदे सर, समितीचे दोघे आणि खंडेराव होते. खंडेराव दारातच उभे होते, खुर्ची असूनही. सुलाबाई आली ती द्राक्षांच्या पेटीचे दोन पुठ्ठे छातीशी धरून. तिने ते टेबलावर ठेवले, वरचा उचलला आणि खंडेरावांना म्हणाली, "दादा, माझ्यापायी तुमच्यावर आळ आला. माफ करा."

चित्र जसंच्या तसं होतं.

विमलाबाई मागच्या रांगेतून उठल्या. त्या सुलाबाईकडे बघेनात, चित्राकडेच बघत राहिल्या. अठ्ठावीस वर्षांनी माणूस ओळखू येणार कसं? मग त्यांनी चित्रातल्या त्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"कान चुकलाय, पोरी. उजवा काढलास. मी डावा धरायचे. उजव्यामागे तिला करट झालं होतं, चिरलं तेव्हा चार बायकांनी धरली होती तिला."

सुलाबाईने हळूच हात वर नेला, उजव्या कानामागचे केस बाजूला केले. तिथे एक पांढरी, गुळगुळीत खूण होती.

"महिन्यानं आम्ही आलो, तवा तू कुठं व्हती?" ती म्हणाली. सहा वर्षांच्या पोरीचा आवाज होता तो.

"मी तिथेच थांबले होते गं. मलाच उचलून नेलं."

त्यापुढचं मी पाहिलं नाही. मी खिडकीकडे तोंड केलं होतं आणि वत्सलाबाई माझ्या शेजारी उभ्या राहून चष्मा पुसत होत्या. दोनदा पुसून झाला तरी पुसत होत्या.

कोठावदे सरांनी खाकरून विचारलं, "मग... तक्रार?"

"कसली तक्रार?" मी म्हणाले. "माझं चित्र तीन दिवस एका घरी राहायला गेलं होतं."

सरांनी खिशातून किल्ली काढली आणि स्वतः चालत दारापर्यंत गेले. "खंडेराव, मी घाई केली," एवढंच म्हणाले. आणखी काही बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण त्याच बैठकीत खंडेरावांना कायम करण्याचा ठराव त्यांनीच मांडला. कुंदनने स्पर्धेतून नाव काढून घेतलं आणि पुस्तकाच्या पहिल्या पानासाठी नवा मजकूर लिहून दिला : 'मूळ गोष्ट : ठमा आणि सुला.' शेवटचा प्रवेश तो त्या दोघींना विचारून पुन्हा लिहिणार होता. त्यावर दोघींचं लगेच वाजलं, कारण मासा परत येताना बैलावर बसून येतो की वाहत येतो यावर त्यांचं एकमत नव्हतं.

सहाच्या सुमारास आम्ही सुलाबाईला द्वारका चौकातल्या थांब्यावर पोचवायला गेलो. पिंपळगाववरून जाणारी मालेगावची गाडी आली. सुलाबाई चढली आणि तिच्यामागून विमलाबाईही. हातात पर्ससुद्धा नव्हती, पायांत घरातल्या चपला होत्या.

"विमलाबाई, तुमची बालवाडी?" कुंदन खालून ओरडला. "उद्या सोमवार!"

"तू उघड!" त्या आतूनच म्हणाल्या. "किल्ली शेजारी आहे. पोरांना दहाला खिचडी लागते!"

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून आम्हाला दोन पिकली-अर्धपिकली डोकी दिसली, एकमेकींना ढकलत.

"सरक की. खिडकी माझी."

"मी मोठी आहे."

"म्हणून काय झालं?"

आणि मोठी सरकली.